पाठीच्या दुखण्याचं वर्ष

प्रिय ठमे,

माझं अक्षर बघून आधी दचकू नकोस. घरी कुणाला काही झालेलं नाही. तुझी आई धडधाकट आहे. कालच तिने गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या इकडच्या तिकडे केल्या आणि त्यासाठी मला हमाल केलं. पत्र म्हटलं की माणसाच्या मनात पहिली वाईट बातमीच येते, निदान माझ्या तरी येते. मी आयुष्यात लिहिलं काय, तर रजेचे अर्ज, आणि एकदा बसचा आरसा हलतो म्हणून डेपो मॅनेजरकडे केलेली तक्रार. तो आरसा शेवटपर्यंत हललाच. तेव्हा हे कितपत जमेल देव जाणे. तू फक्त शेवटपर्यंत वाच. मध्ये थकलीस तर बाजूला ठेव, डोळे मिटून पड, पण परत उचल.

तुला माझं पाठीचं दुखणं आठवतं का? तू चौथीत होतीस. मी कित्येक महिने बस चालवायला गेलो नाही. घरात पालथा पडलेला असायचो आणि तू शाळेतून आलीस की दप्तर फेकून माझ्या पाठीवर पाय देत चालायचीस. तुझ्या तळव्यांना कायम मैदानाची माती असायची. मधूनच वाकून विचारायचीस, 'आता बरं वाटतं का?' मी 'हो' म्हणायचो. ठमे, माझी पाठ ठणठणीत होती. पाठीचं दुखणं हे नाव तुझ्या आईने दिलं, कारण शेजारीपाजारी विचारत होते आणि तुला काहीतरी सांगणं भाग होतं. त्याची मला खंत नाही. इतक्या लहान पोरीला दुसरं काय सांगणार? पण आता तू मोठी झाली आहेस, आणि त्या वर्षात खरं काय झालं ते तुला माहीत असायला हवं. मला हे लिहितानाही भीती वाटते आहे. ती कशाची ते पुढे येईलच.

सुरुवात कुठून झाली ते मला आजही बोट ठेवून दाखवता येत नाही. आदल्या वर्षी तुझी आजी गेली होती, हे खरं. डेपोत माणसं कमी म्हणून आज सकाळपाळी तर उद्या रात्रपाळी चालू होती, हेही खरं. पण आजीला मी नीट निरोप दिला होता, आणि पाळ्यांचं काय, त्या तर लग्नाआधीपासूनच्या. मला काही कमी नव्हतं. तेच मला जास्त भिववायचं. पहाटे गजर व्हायच्या कितीतरी आधी डोळे उघडायचे आणि उघडताक्षणी भीती हजर असायची. परीक्षेला बसलोय आणि विषय कुठला तेच ठाऊक नाही, असं काहीतरी. तुम्ही दोघी शेजारी गाढ झोपलेल्या असायचात. मी छताकडे बघत पडायचो आणि आता उठावं लागणार, दात घासावे लागणार, मोजे घालावे लागणार, या एकेका गोष्टीची मला धास्ती वाटायची. मोज्यांची धास्ती! कुणाला सांगितली असती? एके दिवशी निळे घालायचे की काळे हे ठरवता येईना म्हणून मी पलंगाच्या काठावर बसून राहिलो, आणि शेवटी तुझ्या आईने खाली बसून माझ्या पायांत घातले.

जेवण कापूस चावल्यासारखं लागायला लागलं. पँट कंबरेवरून घसरायला लागली, तेव्हा मी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. तू एखादा विनोद सांगायचीस, तो मला कळायचा, इथे हसायचं असतं हेही कळायचं, आणि हसू मात्र यायचं नाही. मग मी तोंड तसं करायचो. आजी गेली तेव्हा मी धाय मोकलून रडलो होतो. आता रडूही येत नव्हतं. लोक उदासी म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं माणूस सारखा रडत असेल. माझं सगळं बधिर झालं होतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाचं होतं ना, तसं सगळ्या अंगाचं. आणि त्या बधिरपणाच्या आत एकच आवाज चालू असायचा: तू कुणाच्या उपयोगाचा नाहीस. आवाज म्हणजे कानात कुणी बोलत नव्हतं, माझाच विचार होता तो, पण इतक्या ठामपणे यायचा की मी मान डोलवायचो.

आणि या अवस्थेत मी बस चालवत होतो. भरलेली बस. आता जे लिहितो ते तुझी आई आणि आणखी दोन माणसं सोडून कुणाला माहीत नाही. एका दुपारी आमची गाडी नदीवरच्या पुलावर होती. मागे एक बाई तिच्या बाळाला खिडकीतून पाणी दाखवत होती, मला आरशात दिसत होती. ऊन होतं, रस्ता मोकळा होता. आणि माझ्या मनात आलं की हातातलं चाक जरासं वळलं तर हे सगळं थांबेल. बस्स, एवढंच आलं आणि गेलं. हात जागचे हलले नाहीत. पण विचार आला तेव्हा मला त्याची भीती वाटली नव्हती, हे पूल उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि मग मात्र मला दरदरून घाम फुटला. पुढच्या थांब्यावर मी चाक इतकं घट्ट धरलं होतं की बोटं सोडवावी लागली. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटायला लागली. पूल जवळ आला की तोंडाला कोरड पडायची. मी जीव मुठीत धरून, बैलगाडीच्या वेगाने तो ओलांडायचो. मागचे ड्रायव्हर शिव्या घालायचे.

कुणाला सांगायचं? डोक्याचं काही आहे असं कळलं की लायसन्स जातं, असं आम्ही सगळे ड्रायव्हर धरून चालायचो. तुझ्या आईला सांगितलं तर ती तुला घेऊन निघून जाईल, असंही वाटायचं. खरं तर ती निघून जाणाऱ्यातली बाई नाही, पण तेव्हा मला जे वाटायचं त्यातलं काहीच बरोबर नव्हतं. शिवाय डोळ्यांसमोर तुझे आजोबा होते. तू त्यांना पाहिलं नाहीस. नोकरी सुटल्यावर ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचे. वर्षानुवर्षं. आम्हाला सांगितलं जायचं, त्यांचा स्वभावच तसा आहे, त्रास देऊ नका. आम्ही भावंडं त्या खुर्चीमागून चवड्यांवर चालत जायचो. त्या दिवसांत मी एकदा आमच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची सहज जरा फिरवली आणि माझ्या अंगावर काटा आला.

पोपटकाका आठवतो ना? माझा कंडक्टर. तिकिटांपेक्षा गप्पाच जास्त वाटणारा. सगळ्यात आधी त्यानेच ओळखलं. बाजाराजवळच्या थांब्यावर गाडी उभी होती. माणसं चढली, उतरली. त्याने दोनदा घंटी मारली, म्हणजे चला. माझा हात हँडब्रेकवर होता. तो सोडायचा की नाही, इतकाच प्रश्न, आणि मला त्याचं उत्तर सुचेना. त्याने परत घंटी मारली. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मला सगळं ऐकू येत होतं, काचेपलीकडून आल्यासारखं. मग तो गर्दीतून वाट काढत पुढे आला, म्हणाला, काय रे, तंद्री लागली का, आणि माझा चेहरा बघून गप्प झाला. पोपटकाका गप्प झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो मागे वळला आणि सगळ्यांना म्हणाला की गाडी बिघडली आहे, मागून येणाऱ्या गाडीत बसा. एक गृहस्थ हटून बसले. इंजिन तर चालू आहे, ऐकू येतंय की, म्हणाले. पोपटकाका शांतपणे म्हणाला, "इंजिन चालू आहे, साहेब. गाडी बिघडली आहे." त्याने सगळ्यांना उतरवलं, हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिनाच्या झाकणावर माझ्या शेजारी बसून राहिला. मी पुलाचं सांगितलं. पहिल्यांदा. त्याने काही सल्ला दिला नाही. डेपोतून दुसरा ड्रायव्हर आल्यावर तो मला घरी घेऊन आला आणि दारातच तुझ्या आईला म्हणाला, "वहिनी, याला एकटं सोडू नका."

तुझ्या आईने मला आत नेलं, पाणी दिलं, आणि मग पदरात तोंड खुपसून रडली. तिला कित्येक महिने वाटत होतं की माझं तिच्यावरचं मन उडालंय. मी तिच्याशी बोलत नव्हतो, तिच्याकडे बघत नव्हतो. तिने दुसरं काय समजायचं? बघ, एकाच घरात दोन माणसं एकाच गोष्टीला घाबरून बसली होती, दोघं आपापल्या परीने.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, थायरॉईड बघितलं, कारण त्यानेही असं होऊ शकतं म्हणे. सगळं व्यवस्थित निघालं. रिपोर्ट चांगला आला म्हणून रडकुंडीला आलेला माणूस तू पाहिला नसशील. मला हवं होतं काहीतरी, निदान पाठ तरी. मग त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथल्या बाकावर बसायची मला लाज वाटत होती. टोपी भुवयांपर्यंत ओढून बसलो. थोड्या वेळाने हळूच आजूबाजूला पाहिलं, तर सगळी माझ्या गाडीतल्या प्रवाशांसारखीच माणसं. एक मास्तर दिसणारे, एक पोटुशी बाई, एक जण तर डुलकी काढत होता.

डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ विचारलं. झोप, भूक, लक्ष लागतं का, आवडायच्या त्या गोष्टी अजून आवडतात का. मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "जगू नये असं वाटतं का?" इतकं सरळ कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटायचं हा शब्द उच्चारला की काहीतरी भयंकर होईल. काही झालं नाही. बाहेर कुणीतरी कपबश्या विसळत होतं. मी पुलाचं सांगितलं. त्यांनी पोलिसांना फोन केला नाही, डोळे मोठे केले नाहीत. म्हणाल्या, सांगितलंत ते फार बरं केलंत. सध्या गाडी चालवायची नाही, एकटं राहायचं नाही, आणि असं परत वाटलं तर कुठलीही वेळ असो, सांगायचं. हा आजार आहे, याला नैराश्य म्हणतात, आणि तो बरा होतो. मी म्हटलं, आळस नाही ना? त्या म्हणाल्या, आळशी माणसाला बसून मजा येते, तुम्हाला येते का? मग मी विचारलं, कशामुळे झालं. एका कशामुळे होत नाही, म्हणाल्या. मेंदूतली रसायनं, मोडलेली झोप, आईचं जाणं, आणि थोडं घराण्यातून आलेलं, असं सगळं मिळून कधी कधी बसतं मानगुटीवर. मी खुर्चीचं सांगितलं. आणि मग मला खरं जे विचारायचं होतं ते विचारलं: माझ्या मुलीला होईल का? त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. शक्यता थोडी वाढते, पण ठरलेलं काही नसतं. आणि झालंच, तर तिच्या घरात ते ओळखणारा एक माणूस असेल.

गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला तोंड कोरडं, हात थरथरलेले, आणि मन होतं तिथेच. मी म्हटलं, बंद करतो. तुझी आई रोज पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची, गिळेपर्यंत हलायची नाही. गुण दिसायला काही आठवडे जातात, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंकडे जायचो, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्या मोठमोठं काही बोलायच्या नाहीत. कोपऱ्यापर्यंत चालून या आणि कसं वाटलं ते पुढच्या वेळी मला सांगा, एवढंच. पोपटकाका ड्यूटी संपवून यायचा आणि मला कोपऱ्यापर्यंत न्यायचा. तो दोघांच्या वाटचं बोलायचा. पुढे डेपोने मला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. गाड्यांत राहिलेल्या छत्र्या, डबे, एकेकटे बूट, आणि एक दातांची कवळी, जी कुणी कधीच न्यायला आलं नाही. लायसन्स गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सही केल्यावर मी परत चाकामागे बसलो.

बरं वाटायला लागलं ते कसं कळलं, सांगू? एके दिवशी चहात साखर नव्हती आणि मला राग आला. चांगला सणसणीत. तुझी आई माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण एवढ्यावर संपलं नाही. मला वाटलं, झालो बरा, आणि कुणाला न विचारता गोळ्या सोडल्या. पुढच्या हिवाळ्यात ती पहाटेची धास्ती परत आली. त्या वेळी मात्र आम्ही ओळखलं. पलंगावर उठून बसलो आणि तुझ्या आईला हलवून म्हटलं, आलंय. लगेच डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्यातून लवकर बाहेर पडलो. आता गोळ्या नाहीत, त्याही डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केल्या. मी बरा आहे, ठमे, हे खरं बरं आहे, तोंडदेखलं नव्हे. भीती मात्र पूर्ण गेली नाही. तिने फक्त जागा बदलली.

ती तुझ्यावर येऊन बसली. इतकी वर्षं मी तुला चोरून बघत आलो. तू दहावीत केस मुलासारखे कापून आलीस, तेव्हा मला रात्रभर डोळा लागला नाही. तुझी आई म्हणाली, अहो, ती फॅशन आहे, झोपा. तू कॉलेजात त्या मुलासाठी आठवडाभर रडलीस, तेव्हा मी उलट निर्धास्त होतो; रडतेय ना, मग ठीक आहे. पण मागच्या महिन्यात तू घरी आलीस आणि सगळं शांत होतं. तू आईच्या कुंड्यांची टिंगल केली नाहीस. पोपटकाका येऊन तासभर बडबडला. तू हसलीस, पण सगळे हसून झाल्यावर. ताटातलं इकडून तिकडे सारत होतीस. पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तर तू दिवा न लावता खिडकीपाशी बसली होतीस आणि म्हणालीस, झोप झाली माझी. मला तेव्हाच बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं. पण वाटलं, नाव घेतलं तर ते खरं होईल. तू गाडीत बसलीस आणि मी हात हलवत राहिलो.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. काल संध्याकाळी तुझ्या ऑफिसातल्या, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचा आईला फोन आला, की तू बरेच दिवस कामाला आली नाहीस, फोन उचलत नाहीस, आणि दार ठोठावलं तर बरं नाही एवढंच म्हणतेस. पहिल्या गाडीने मी निघालो. सकाळी तुझं दार वाजवलं, तर तू आतून म्हणालीस, "बाबा, मी ठीक आहे. झोपू दे. तू जा ना घरी." तो आवाज माझा होता, ठमे. अगदी माझा. म्हणून मी गेलो नाही. तुझ्या घरमालकीणबाईंनी मला कागद आणि पाकीट दिलं, बसायला पाट दिला, आणि मी जिन्यात बसून हे लिहिलं, कारण बंद दारातून एवढं सगळं सांगता आलं नसतं. आता ते फटीतून आत सरकवतो. मैत्रिणीने इथल्या डॉक्टरांची आज दुपारची वेळ घेतली आहे. ती खाली थांबली आहे, आपण तिघं जाऊ, तुला तिथे काही बोलता आलं नाही तर मी बोलेन. घरमालकीणबाईंकडची, तुझ्या खोलीची दुसरी किल्ली माझ्या खिशात आहे. मला ती लावायची नाही, पण तू फार वेळ गप्प राहिलीस तर लावेन, हे तुला आधीच सांगून ठेवतो; मग तू माझ्यावर हवी तितकी रागाव. तुझ्या मनात पुलासारखं काही आलं असेल तर मला सांग, मी घाबरलेला असलो तरी ऐकून पळून जाणार नाही. आत्ता आत नळ सोडल्याचा आवाज आला. म्हणजे तू उठली आहेस. खोली आवरू नकोस, केस विंचरू नकोस, माझ्यासाठी तोंड हसरं करू नकोस. फक्त दार उघड.

तुझाच,
दाराबाहेर बसलेला
बाबा